मांडवाबाहेरचे सूर

पुणतांब्याला मी पहिल्यांदा गेलो तो चांगदेवांच्या समाधीसाठी. शाळेची सहल होती आणि मी सातवीत होतो. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली ती चालती भिंत, ही गोष्ट गुरुजींनी आम्हाला गोदावरीच्या काठी बसवून सांगितली. माझ्या शेजारी माझा बाकावरचा जोडीदार बसला होता. त्याचे लक्ष गोष्टीत नव्हते. पिंपळाच्या पानाची पिपाणी करून तो हळूच वाजवीत होता. भिंत चालू लागली त्या ऐन क्षणी पिपाणी मोठ्याने वाजली आणि गुरुजींनी त्याला सगळ्यांच्या मागे नेऊन बसवले.

त्याच पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर हा मुलगा जन्माला आला आणि तोच पुढे सी. रामचंद्र या नावाने उभ्या हिंदुस्थानाला नाचायला लावणारा संगीतकार झाला, हे मात्र गुरुजींनी आम्हाला सांगितले नाही. कदाचित त्यांना ठाऊक नसेल. किंवा समाधीच्या आवारात सिनेमाचे नाव काढणे त्यांना प्रशस्त वाटले नसेल.

मला ते ठाऊक झाले ते मी स्वतः गुरुजी झाल्यावर. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी ‘ईना मीना डीका’वर नाच बसवला. १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटातले हे गाणे या मुलांच्या आजोबांच्या काळचे. पण मुले त्यावर आजही खुशीत पाय आपटतात. नाचाआधी संगीतकाराविषयी पाच मिनिटे बोला, आपल्या जिल्ह्यातला माणूस आहे, असे मुख्याध्यापकांनी मला फर्मावले. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर कोणत्याही विषयावर पाच मिनिटे बोलू शकतो, अशी आमच्या शाळेत एक समजूत आहे. ती खोडून काढावी असे मला कधी वाटलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि इंग्रजी त्याच्याही अलीकडचे. तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री वाचत बसलो. पाच मिनिटांच्या भाषणासाठी दोन महिने गेले. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते : गोदाकाठच्या या पोराच्या कानात हे सूर आले कोठून?

उत्तर अमेरिकेत निघाले. आता अमेरिका काही नगर जिल्ह्याला परकी नाही. आज या जिल्ह्याला आपण अहिल्यानगर म्हणतो, पण जुन्या नगरात अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८३१ सालीच येऊन राहिली होती. त्यांनी मुलांमुलींच्या शाळा काढल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच मिशनच्या छायेत राहून ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली. आमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली अमेरिका ही अशी होती : बायबल, शाळा, दवाखाना आणि दारूच्या थेंबालाही न शिवणारे, रविवारी गंभीर चेहऱ्याने प्रार्थना म्हणणारे साहेब आणि मडमा. टिळक १९१९ मध्ये वारले. नेमक्या त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडे एक दुसरी अमेरिका उठून उभी राहत होती. तिची वार्ता या सोवळ्या साहेबांनी नगरात आणली नाही. ती पुष्कळ उशिरा आली, आणि आली ती पुणतांब्याच्या पोराच्या बाजाच्या पेटीतून.

त्या दुसऱ्या अमेरिकेच्या काळाला जॅझयुग म्हणतात. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जानेवारी १९२० मध्ये सगळ्या देशात दारूबंदी आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बायकांच्या मताधिकारावर घटनेची मोहोर उठली. नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या रेडिओ केंद्राने अध्यक्षाच्या निवडणुकीचे निकाल वाऱ्यावरून लोकांच्या घरात नेऊन पोचवले. हेन्री फोर्डची मोटार इतकी स्वस्त झाली की १९२७ पर्यंत ‘मॉडेल टी’ या एकाच जातीच्या दीड कोटी मोटारी कारखान्यातून बाहेर पडल्या. मुलींनी केस कापले आणि झगे गुडघ्यापर्यंत आणले. दारूबंदीचे म्हणाल, तर आपल्याकडे हातभट्टीने कायद्याला जी दाद दिली तीच तेथेही मिळाली. तळघराततळघरात चोरून गुत्ते निघाले आणि त्यांच्या जिवावर टोळीवाले गब्बर झाले. शेअर बाजार चढत होता. तो असाच चढत राहणार याविषयी शहाण्यासुरत्या माणसांनाही शंका नव्हती. ऑक्टोबर १९२९ मध्ये तो कोसळला. दहा वर्षे चाललेली एक वरात एकाएकी थांबली.

वरात हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. कारण वरात म्हटली की नाचणारे वेगळे आणि वाजवणारे वेगळे.

जॅझ जन्मले न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. ज्यांच्या आज्या-पणज्या लिलावात विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या नातवंडांनी ते वाढवले. आपला गवई तानेत कितीही दूर गेला तरी समेवर नेमका परत येतो, तशी काहीशी त्याची जात. सुचेल ते ऐन वेळी वाजवायचे आणि ठेका मात्र सुटू द्यायचा नाही. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून हे लोक लाखांनी उत्तरेकडे निघाले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर हे संगीतही गेले. लुई आर्मस्ट्राँग हा न्यू ऑर्लिन्सचा पोर १९२२ मध्ये शिकागोला पोचला. १९२५ पासून त्याने आपल्या पथकाच्या ज्या तबकड्या काढल्या, त्या आजही जाणकार कानाला लावून बसतात.

पण जॅझची पहिली तबकडी निघाली होती १९१७ साली, आणि ती पाच गोऱ्या वादकांची. ‘जॅझचा राजा’ हा किताब मिळाला पॉल व्हाइटमन या गोऱ्या बॅण्डमास्तराला. बोलपटाचे युग ज्याने सुरू केले त्या १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून गाणी म्हटली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कॉटन क्लब नावाचे नाचघर होते. १९२७ च्या डिसेंबरपासून ड्यूक एलिंग्टन तेथे आपला वाद्यवृंद घेऊन वाजवू लागला. मंचावर वाजवणारे आणि नाचणारे काळे. खुर्च्यांवर बसून पाहणारे गोरे. ज्या वस्तीत ते नाचघर होते, त्या वस्तीतल्या माणसाला आत खुर्ची नव्हती. तो आत यायचा तो वाद्य घेऊन किंवा तबक घेऊन. आणि याच दशकात, ऑगस्ट १९२५ मध्ये, काळ्यांच्या द्वेषावर पोसलेल्या कू क्लक्स क्लॅनचे हजारो लोक पांढरे झगे घालून राजधानीच्या राजरस्त्यावरून दिवसाढवळ्या मिरवत गेले.

आपण हिंदी माणसेही तेव्हा उंबऱ्याबाहेरच होतो. भगतसिंग थिंड हा शीख गृहस्थ महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तरी हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे, सबब त्याला नागरिक होता येत नाही, असा निकाल तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९२३ मध्ये दिला. थिंडसाठी झगडणाऱ्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. निकालानंतर सरकारने उलटून पंडितांचेच नागरिकत्व काढून घेण्याचा घाट घातला. ते मात्र हरले नाहीत. १९२६ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. हे वाचताना माझी छाती जराशी फुगली, हे कबूल करतो. अन्याय आपल्यावर झालेला असला की तो लगेच ओळखू येतो.

आता पुणतांब्याच्या पोराकडे वळतो. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीत शिकून तो सिनेमाच्या वाटेला लागला. मुंबईत पेटी वाजवता वाजवता त्याच्या कानावर अमेरिकन तबकड्या पडल्या. बेनी गुडमन हा गोरा क्लॅरोनेटवाला त्याचा विशेष आवडता. मुंबईच्या हॉटेलांतून तेव्हा गोव्याचे वादक जॅझ वाजवीत. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मंडळी. त्यांच्यातला आंतोनियो झेवियर वाझ हा हळदोण्याचा ट्रंपेटवाला ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. चितळकरांची चाल आणि गोवेकरांची फुंकर यांची गाठ पडली आणि १९४७ ची ‘शहनाई’, १९५१ चा ‘अलबेला’ जन्माला आले. बाळासाहेब केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. अमेरिकेतही १९२१ साली एका नामांकित महिला मासिकाने जॅझने माणसे बिघडतात की काय, अशी गंभीर चिंता वाहिली होती. वरून नाक मुरडायचे आणि टेबलाखाली पाय हलवायचा, यात पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

मात्र त्या काळच्या चित्रपटांची नामावली पडद्यावर पाहा. निर्माता दिसेल, संगीतकार दिसेल, कधी केशभूषा करणाराही दिसेल. फुंकर घालणारे गोवेकर फारसे सापडत नाहीत. यात कोणा एकाचा दोष नाही. रीतच तशी होती. मी थांबलो तो या ‘रीत’ शब्दाशी.

कारण माझा तो पिपाणीवाला जोडीदार मला आठवू लागला होता. तो मातंग समाजातला, मी पाटलाच्या भावकीतला. शाळेत एकाच बाकावर बसायला आम्हाला कोणाची ना नव्हती. त्याचा बाप हलगी वाजवी, आजा सनई वाजवी. नववीत शाळा सोडून तो बॅण्डमध्ये गेला आणि पाच-सहा वर्षांत क्लॅरोनेटवर त्याचा असा हात बसला की चार गावचे लोक लग्नाची तारीख त्याला विचारून धरू लागले. वाजंत्री लावल्यावाचून आमच्या घरांत कार्य होत नाही. देवक आणायला तो पुढे, पारण्याला तो पुढे, वरातीला तो पुढे. पुढे नसतो तो फक्त पंगतीला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या माणसांना. डॉक्टर आंबेडकर न्यूयॉर्कात शिकले, हार्लेमपासून हाकेच्या अंतरावर. आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकन निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते कळवले. म्हणजे मी जे दोन महिने शब्दकोश घेऊन शोधीत होतो, ते आपल्या थोरांनी कधीच ओळखले होते. १९२७ हे वर्ष तर माझ्या मनातून जाईना. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी, आणि डिसेंबरमध्ये हार्लेमात तो मंच व त्या खुर्च्या.

माझे लग्न ऐन वैशाखात झाले. बॅण्ड अर्थातच त्याचा होता. मित्र म्हणून सुपारी त्याने नेहमीपेक्षा कमी घेतली होती. दुपारी साडेबाराला अक्षता पडल्या. एक पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी बसली. बॅण्डची मंडळी मांडवाबाहेर बाभळीच्या तोकड्या सावलीत बसून होती. त्यांना जेवू नका असे कोणी म्हणाले नव्हते. त्यांची पाने कोणाच्या हिशेबातच नव्हती, इतकेच. मी नवरदेवाच्या खुर्चीवरून ते पाहत होतो. उठून दोन शब्द बोललो असतो तर कोणी मला फाशी देणार नव्हते. पण सासरची माणसे नवी होती, वडील तापट होते, आणि नवरदेवाने पंगतीत लक्ष घालण्याची रीत नव्हती. इतक्यात त्याची माझी नजरानजर झाली. मी त्याच्याकडे पाहतो आहे असे दिसल्यावर तो लगबगीने उठला, क्लॅरोनेट उचलली आणि हातानेच विचारले : कोणते गाणे वाजवू?

आणि मी त्याला गाणे सांगितले. ‘शोला जो भडके’. त्याने ते उपाशीपोटी वाजवले. फार सुंदर वाजवले. मांडवातली माणसे जेवता जेवता माना डोलवीत होती. बॅण्डची पाने मांडली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि बुंदी संपलेली होती.

पुढे मी एका क्लॅरोनेटवाल्यावर कादंबरी लिहिली. पत्ती ओठात कशी धरतात, दम कसा राखतात, पावसाळ्यात वाद्य कसे रुसते, हे सारे मी त्याच्याकडे बसून टिपून घेतले होते. कादंबरी चालली. तिच्यातला लग्नाचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आले अशी वाचकांची पत्रे आली. त्या प्रसंगात नवरदेव भर मांडवातून उठतो, बाहेर जातो, क्लॅरोनेटवाल्याचा हात धरून त्याला आत आणतो आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवतो. हे मी लिहिले होते. एका वाचनालयाने बक्षीस दिले, शाल दिली. ती अंगावर घेऊन मी कलेच्या सामाजिक बांधिलकीवर बोललो.

काही महिन्यांनी तो बाजारात भेटला. म्हणाला, “तुपलं पुस्तक वाचलं पोरानं मोठ्यानं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. लग्नाचं ते पान लई भारी लिव्हलंस रे.” मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, अगदी सहज म्हणाला, “तसं झालं असतं तर बरं झालं असतं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या दिवसानंतर मी त्याच्या घराकडे जाण्याचे टाळू लागलो. पॉल व्हाइटमनविषयी वाचताना मला त्याचा राग आला आणि तो राग चारदोन पानांतच विझला, याचे कारण हे आहे. मी गावच्या बाकावरून उठून थेट राजा झालो नाही. पण शाल मीही घेतली होती.

स्नेहसंमेलनात मी पाच मिनिटे बोललो. पुणतांब्याचे नाव घेताच टाळ्या पडल्या. बाकीचे मी सांगितले नाही. पाच मिनिटांत ते बसणारे नव्हते, आणि बसले असते तरी मी सांगितले असते असे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्याच्या घरी गेलो. आताशा त्याला फारशी कामे नसतात. लग्ने डीजेने नेली. हंगामात तो साखर कारखान्यावर रोजंदारीला जातो. क्लॅरोनेट खुंटीला होती, पण पुसलेली होती. मी मोबाईलवर त्याला बेनी गुडमन ऐकवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, “दम बघ गड्याचा. कुठं घेतो त्येच कळंना.”

मग मी त्याला सारे सांगितले. न्यू ऑर्लिन्स, हार्लेम, तो मंच, त्या खुर्च्या. हेही सांगितले की गोरा-काळा एकत्र लोकांपुढे वाजवीत नसत त्या काळात, १९३६ साली, या गुडमनने टेडी विल्सन नावाच्या कृष्णवर्णीय पियानोवाल्याला लोकांसमोर आपल्याबरोबर वाजवायला बसवले.

“मंग? काय झालं?” त्याने विचारले.

“काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

तो बराच वेळ क्लॅरोनेटकडे पाहत होता. मग हसून म्हणाला, “सहलीला गेलतो, ध्यानात हाय का? गुरुजींनी गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या चांगदेवासाठी भिताड सरकलं म्हणं. भिताडाला जमलं, अन् माणसाला बसल्या जागी जरा सरकायला काय होतं रे?”

म्हणजे त्या दिवशी पिपाणी वाजवतानाही तो गोष्ट ऐकत होता. मी त्याची क्षमा मागितली नाही. मागितली असती तर त्याने ती हसण्यावारी नेऊन मला मोकळे केले असते, आणि मला तेच हवे आहे हे माझ्या ध्यानात आले होते. आम्ही चहा घेतला.

या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न झाले. तेव्हा काही करून दाखवायचे असे मी मनाशी ठरवून गेलो होतो. पण लग्न मंगल कार्यालयात होते, जेवण उभ्याने होते, पंगतच नव्हती. आणि बॅण्डऐवजी दुसऱ्या तालुक्यातून डीजे आणला होता. माझा निश्चय कोठे ठेवावा हे मला कळेना. अक्षता पडून दोन तास झाले. मी बाहेर आलो. कर्ण्यांच्या उंच भिंतीमागे, गाडीच्या सावलीत, विशी-बाविशीचा एक मुलगा तारा सांभाळीत बसला होता. त्याचे ओठ सुकले होते. मी त्याच्याकडे जाताना दिसताच तो चटकन उठला आणि बटणावर हात ठेवून म्हणाला, “बोला काका, कोणतं गाणं लावू?”

मी म्हणालो, “गाणं राहू दे. चल, आधी जेवून घेऊ.”